चेहरा ओळखणारं गेट घ्यावं का? (फणसाचा पियानो होतो म्हणे)

लालबागी
मंडळी, प्रश्न थोडा घरचा, थोडा तांत्रिक आहे. चाळीचा पुनर्विकास होऊन आमचा टॉवर झाला आणि कमिटीला आता वॉचमन महाग वाटायला लागलेत. एका विक्रेत्याने गेटवर चेहरा ओळखणारं यंत्र बसवायचा प्रस्ताव दिलाय. रविवारी विशेष सर्वसाधारण सभा आहे. सचिव मी, म्हणजे शिव्या खायला मीच.

परवा भाची आली होती. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट याच विषयावर. गावाहून आलेला फणस ओट्याखाली गोणपाटावर पडला होता. तिने मोबाईलवर त्याचा फोटो काढून लॅपटॉपवर टाकला. प्रोग्राम म्हणाला, फणस. शाबास. मग तिने काहीतरी खटाटोप केला आणि तोच फोटो पुन्हा दाखवला. मी चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, स्क्रीनला नाक लावून पाहिलं. तेच काटे, देठाशी सुकलेला तोच चीक, तेच गोणपाट. प्रोग्राम म्हणाला, ग्रँड पियानो. तेही चाचरत नाही, जवळजवळ शंभर टक्के खात्रीने!

फणसाचा पियानो होतो, तर चोराचा चेअरमन व्हायला किती वेळ लागेल? की हे कॉलेजातले खेळ आहेत, मनावर घेऊ नयेत?

फास्टलोकल
चोराचा चेअरमन व्हायला यंत्र कशाला हवं? सोसायटीची निवडणूक पुरते.

कोकणकन्या
फणस कापा की बरका? आधी ते सांगा, बाकीचं नंतर.

अवकलन
खेळ अजिबात नाहीत. याच क्षेत्रात नोकरी करतो, म्हणून जरा इस्कटून सांगतो.

२०१३ च्या अखेरीला क्रिश्चन सेगेडी आणि सहकाऱ्यांनी एक निबंध लिहिला. शाळेच्या बसच्या फोटोत डोळ्यांना कळणार नाही इतका फेरफार केला, की नेटवर्क (म्हणजे उदाहरणं दाखवून शिकवलेला, फोटो ओळखणारा प्रोग्राम) त्याला शहामृग म्हणायचं. पुढच्या वर्षी इयन गुडफेलो आणि मंडळींनी पांडाचा प्रसिद्ध फोटो दाखवला. मूळ फोटोवर नेटवर्क म्हणतं पांडा, खात्री ५७.७ टक्के. किंचित 'धूळ' मिसळल्यावर म्हणतं गिबन (एक वानर), खात्री ९९.३ टक्के. चूक करताना आत्मविश्वास वाढलाच!

आता हे होतं कसं? असा फोटो नेटवर्ककडे जाताना बहुधा २२४ गुणिले २२४ ठिपक्यांचा करतात. प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. एकूण १,५०,५२८ आकडे झाले. समजा दीड लाख मुंबईकरांच्या खिशातून तुम्ही प्रत्येकी एक पैसा काढलात. एकाही माणसाला पत्ता लागणार नाही, आणि तुमच्या हातात दीड हजार रुपये. प्रत्येक आकड्याला नखभर ढकलायचं, पण सगळ्यांना सोयीच्या दिशेने.

"मग कॅमेऱ्यावरच्या खऱ्या धुळीने नेटवर्क का फसत नाही?" असं कुणी विचारेलच. धूळ कुणाच्या खिशातून पैसा काढते, कुणाच्या खिशात टाकते. जमाखर्च मांडला तर दीड लाख खिशांनंतरही हाती साधारण चार रुपये राहतात. हल्लेखोर मात्र प्रत्येक खिशापाशी थांबून विचारतो, काढू की टाकू? आणि गंमत म्हणजे उत्तर नेटवर्क स्वतःच देतं. नेटवर्क शिकवताना जे गणित वापरतात तेच. शिकवताना फोटो स्थिर ठेवून आतली वजनं (म्हणजे नेटवर्कच्या पोटातले आकडे) हलवायची, फसवताना वजनं स्थिर ठेवून फोटो हलवायचा. भाचीने हेच केलं असणार.

चिंगी_पार्लेकर
वाचनखूण साठवली. माझा अनुभव सांगते. मी असल्याच एका फुकट अ‍ॅपला वडापाव दाखवला, उत्तर आलं चीजबर्गर. उकडीचा मोदक दाखवला तर कणकेचा गोळा! मी तर काहीच फेरफार केला नव्हता. हाही हल्लाच का?

अवकलन
नाही चिंगीताई, ही वेगळी भानगड. अशी बरीच मॉडेलं (शिकवून तयार झालेली नेटवर्क) इमेजनेट नावाच्या फोटोंच्या मोठ्या संग्रहातल्या १,००० वर्गांवर शिकलेली असतात. त्यात फणस आहे, चीजबर्गर आहे, बेगल आहे, वडापाव नाही. आणि त्या हजारांतलं एक उत्तर द्यायलाच लागतं. "मला नाही बुवा माहीत" हा पर्याय त्यांना कुणी दिलेलाच नसतो.

मास्तर
चर्चा रोचक आहे, पण असल्या फसवणुकीला इंग्रजीत 'अ‍ॅडव्हर्सेरियल अ‍ॅटॅक' म्हणतात, तो शब्द घशात अडकतो. मराठीत काय म्हणायचं? 'प्रतिकूल आक्रमण' म्हटलं की शासकीय परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं.

कोकणकन्या
मास्तर, आमच्याकडे शब्द तयार आहे. चकवा! रोजची पायवाट, रोजचं आंब्याचं झाड, तरी माणूस रात्रभर त्याच बांधाला फेऱ्या मारत बसतो. काहीच बदललेलं दिसत नाही आणि वाट मात्र चुकते. फणसाला चकवा लागला.

मास्तर
दंडवत घ्या. चकवाचित्र! ठरलं.

स्टेथोस्कोप
चकवा झकास आहे. पण मला वाटतं, नेटवर्क फसतं म्हणण्यापेक्षा ते काय शिकलंय हे आपल्याला ठाऊकच नसतं म्हणणं जास्त बरोबर. आमच्या क्षेत्रातलं उदाहरण देतो. एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या मॉडेलचा २०१८ मधला एक अभ्यास आहे. मॉडेल फिल्म कुठल्या रुग्णालयातून आली ते ओळखून त्यावरही अंदाज बांधत होतं, कारण एका रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण खूप जास्त होते. तंत्रज्ञ फिल्मच्या कोपऱ्यात धातूची खूण ठेवतात ना, ती असल्या गोष्टी ओळखायला पुरते. फुफ्फुसाकडे पाहायची गरजच काय! परीक्षेत पेपर काढणाऱ्याचं अक्षर ओळखून उत्तर लिहिणाऱ्या पोरासारखं आहे हे.

अवकलन
डॉक्टर, अगदी नेमकं बोललात. यावर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मंडळींनी एक प्रयोग केला, मला तो अजून अंगावर येतो. कुत्र्याचा फोटो घेतला, चकवा लावून नेटवर्कला तो मांजर वाटेल असा केला, आणि खाली चिठ्ठी लावली 'मांजर'. आपल्या डोळ्यांना ते चुकीची चिठ्ठी लावलेलं कुत्रंच. असे ढीगभर फोटो जमवून त्यांवर एक नवं कोरं नेटवर्क शिकवलं. मग त्याला खरी, साधी मांजरं दाखवली. ओळखली की हो त्याने!

म्हणजे मिसळलेली 'धूळ' ही धूळ नव्हतीच. तिच्यात मांजराचं असं काहीतरी होतं जे खऱ्या मांजरांच्या फोटोंतही असतं, आपल्याला फक्त दिसत नाही. नेटवर्कला कान, मिशा, शेपटी यांचं कौतुक नाही. गुण मिळवून देणारं जे सापडेल ते ते उचलतं. आपण त्याला फसलं म्हणतो, ते म्हणेल तुम्ही आंधळे आहात.

फास्टलोकल
खरं म्हणजे माझ्या सासूबाईही हेच म्हणतात. 'तुला दिसत नाही, पण मला दिसतं.'

अडाणी_अण्णा
एवढं गणित मला झेपत नाही, पण एक सांगा. ठिपके बिपके न हलवता साध्या चिठ्ठीने फसतं का? आमचा आंब्याचा धंदा आहे, म्हणून विचारतो. पेटीवर 'देवगड' छापलं आणि खाली तिकडचं वर्तमानपत्र अंथरलं, की अस्सल दादरकर कर्नाटकचा आंबा देवगड म्हणून नेतो, वर शेजाऱ्याला वास देऊन दाखवतो.

अवकलन
अण्णा, तुम्हाला अडाणी कोण म्हणतं? २०२१ मध्ये ओपनएआय कंपनीने आपल्याच क्लिप नावाच्या मॉडेलबद्दल हे जाहीर केलं होतं. हिरवं सफरचंद दाखवलं तर बरोबर ओळखलं. त्यावर 'आयपॉड' लिहिलेला कागद चिकटवला, तर म्हणालं आयपॉड. हाताने लिहिलेला साधा कागद होता. तुमची पेटी आणि त्यांचं सफरचंद एकाच बाजारातलं.

डिलाईलरोड
सगळं वाचतोय, हसतोय पण. एक वेगळं बोलतो. माझे वडील गिरणी बंद पडल्यावर बावीस वर्षं एका इमारतीत वॉचमन होते. त्यांना साडेतीनशे माणसांचे चेहरे पाठ होते. चेहरेच कशाला, चाल पाठ होती. रात्री दोनला कोण लडखडत येतो आणि त्याला बायकोला न उठवता लिफ्टपर्यंत कसं पोचवायचं हेही पाठ होतं. 'वॉचमन महाग वाटायला लागलेत' हे वाक्य लालबागींनी सहज लिहिलंय. गिरणगावातच बसून लिहिलंय, म्हणून जास्त लागलं.

लालबागी
डिलाईलरोड, चुकलो. कमिटीचं वाक्य जसंच्या तसं टाकलं, पण माझं म्हणून टाकायला नको होतं. माझे वडीलही गिरणीतच होते.

फास्टलोकल
वातावरण जरा हलकं करतो (डिलाईलरोड, राग नसावा). मुंबईकर या शास्त्रात जगाच्या पुढे आहेत. नंबरप्लेटवर इंग्रजी आकड्यांतला ४१४१ असा वळवून काढतात की तुम्ही-आम्ही वाचतो 'दादा'. ८०५५ चा 'बॉस'. माणसाला नाव दिसतं, कॅमेऱ्याला काय दिसत असेल देव जाणे. चकवाचित्रांचा शोध आमच्या गल्लीत २०१३ च्या कितीतरी आधी लागला होता.

मास्तर
म्हणून तर १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची केली. ठरलेलं अक्षर, ठरलेला आकार. 'दादा' निवृत्त झाले. पण हे अवांतर झालं. मूळ मुद्द्यावर माझी शंका अशी: फाईलमधले ठिपके हलवणं सोपं आहे, कारण फाईल तुमच्या हातात आहे. गेटवर चोर फाईल घेऊन येत नाही, थोबाड घेऊन येतो. ऊन, सावली, कोन, अंतर सगळं बदलतं. तिथे तुमची पैशा-पैशाची चोरी कशी टिकणार? म्हणून मला हे अजूनही प्रयोगशाळेतलं वाटतं. असहमत.

प्रतिमाताई
मास्तर, २०१७ पर्यंत पुष्कळ जाणकारही हेच म्हणत होते. मग एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी कासव छापलं. थ्रीडी प्रिंटरवर, हातात धरता येईल असं. कवचावरच्या नक्षीत चकवा. हातात फिरवा, उलटं करा, बहुतेक कोनांतून नेटवर्क म्हणतं रायफल. पुढच्या वर्षी अमेरिकेत थांबा असं लिहिलेल्या रस्त्यावरच्या पाटीला काळेपांढरे चार-सहा तुकडे चिकटवले, तर नेटवर्कने ती ताशी ४५ मैल वेगमर्यादेची पाटी म्हणून वाचली. २०२० मध्ये मॅकअफी या संगणक-सुरक्षा कंपनीवाल्यांनी वेगमर्यादा ३५ च्या पाटीवर, तीनच्या मधल्या दांडीला, चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावला. एका मोटारीच्या जुन्या कॅमेऱ्याने वाचलं ८५.

आणि थोबाडाबद्दल म्हणाल तर २०१६ चं कार्नेगी मेलन विद्यापीठाचं काम बघा. चष्म्याच्या फ्रेमवर रंगीबेरंगी नक्षी छापली. तो चष्मा घातलेला एक पुरुष संशोधक यंत्राला मिला योवोविच ही अभिनेत्री वाटला.

सुईदोरा
मी कापडावर प्रिंट डिझाइन करते, म्हणून यात नाक खुपसते. २०१९ मध्ये बेल्जियममधल्या लूवेन विद्यापीठातल्यांनी रंगीत चौकोन छापून पोटाशी धरला, तर माणूस शोधणाऱ्या प्रोग्रामला माणूसच दिसेना. तेव्हा मला दोन गिऱ्हाइकांनी तसला टी-शर्ट छापून मागितला होता. छापला. पुठ्ठ्यावर ताठ असतं ते अंगावर नसतं. कापडाला चुण्या पडतात, घामाने चिकटतं, सुती कापड शाई पितं आणि स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा बटाट्याच्या सालीसारखा होतो. गिऱ्हाइकं तो घालून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, दोघंही दिसली. मास्तर अर्धे बरोबर आहेत. जमतं, पण जमवायला घाम गाळायला लागतो.

मास्तर
अर्धे गुण मिळाले, पास झालो.

चिंगी_पार्लेकर
मग हे दुरुस्त का करत नाहीत? दहा-बारा वर्षं झाली की.

अवकलन
करतात, आणि पुन्हा फुटतं. २०१८ मध्ये अ‍ॅथल्ये, कार्लिनी आणि वॅग्नर या तिघांनी एका मोठ्या परिषदेत स्वीकारले गेलेले बचावाचे नऊ उपाय तपासायला घेतले. त्यांतले सात एकाच युक्तीवर उभे होते: 'काढू की टाकू' याचं उत्तर हल्लेखोराला मिळू नये म्हणून ते झाकून ठेवायचं. सातांपैकी सहा पूर्ण मोडले, एक अर्धवट. पाटी झाकल्याने पत्ता बदलत नाही, हल्लेखोर दुसऱ्या गल्लीतून आला. २०२० मध्ये आणखी तेरा उपायांची हीच गत झाली.

टिकलेला उपाय साधा आणि खर्चिक आहे. शिकवतानाच चकवाचित्रं तयार करायची आणि त्यांचं खरं उत्तर घोटून घ्यायचं. २०१७ मध्ये मॅड्री आणि सहकाऱ्यांनी तो नीट मांडला. पण त्यात वेळ कित्येक पट जातो, आणि साध्या स्वच्छ फोटोंवरचे गुण घसरतात. विक्रेत्याला जाहिरातीत स्वच्छ फोटोंचेच गुण छापायचे असतात, तेव्हा तो हे कशाला करेल?

अजून एक. मॉडेल तुमच्या हातात नसलं तरी चालतं. घरी दुसरं मॉडेल घेऊन त्याच्यासाठी चकवा बनवा, पुष्कळदा तोच पहिल्यालाही लागतो. सारख्याच फोटोंवर सारखंच शिकलेली भावंडं ती.

प्रतिमाताई
हे सगळं खरं, तरी लालबागीकाका, तुमच्या गेटपुरतं माझं मत वेगळं आहे. चष्म्याची नक्षी काढण्याइतकं डोकं ज्याला आहे तो लालबागच्या टॉवरमध्ये सायकली चोरायला येणार नाही. तो काय करेल? पाठीवर जेवणाची चौकोनी बॅग लटकवेल, कानाला फोन लावेल आणि दार उघडलेल्या काकूंच्या मागोमाग आत शिरेल. काकू वर दारही धरून ठेवतील.

म्हणून सभेत कासव-पांडा काढू नका. विक्रेत्याला एवढंच विचारा: फोनवरचा फोटो समोर धरला तर काय होतं? साधा कॅमेरा आहे की चेहऱ्याची खोली (उंचसखलपणा) मोजतो? आयफोनमधल्या फेस आयडीत इन्फ्रारेडचे ३०,००० च्या वर ठिपके चेहऱ्यावर टाकून उंचसखलपणा बघतात, तसं काही आहे का? आणि यंत्र चुकलं तर दार कोण उघडणार? विमानतळावर चेहरा बघून आत सोडणाऱ्या डिजीयात्रेच्या दाराशीसुद्धा माणूस उभा असतो.

शिवाय घरकामाच्या मावशी, दूधवाला, पेपरवाला यांचे चेहरे कुणाच्या सर्व्हरवर जाणार हेही विचारा. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा संमती मागतो. 'चेहरा दे नाहीतर काम सोड' ही संमती नाही.

डिलाईलरोड
ताई, शेवटच्या परिच्छेदाला +१००. बाकी वॉचमनही फसतो हे मान्य. वडिलांना एकदा एकाने 'मीटर बघायला आलोय' म्हणून फसवलं होतं. गळ्यात ओळखपत्र, हातात वही. तळमजल्यावरची पितळी घंगाळी गेली. पण दुसऱ्या दिवसापासून वहीवाला आला की ते आधी त्याच्या चपला बघायचे. रोज दहा जिने चढणाऱ्याच्या चपला कशा झिजतात ते त्यांना ठाऊक होतं. असं एका रात्रीत शिकायला यंत्राला काय लागेल, अवकलन?

अवकलन
एका उदाहरणावरून? चपला बघायच्या हे सुचायलाच नाही जमणार.

लालबागी
सभा झाली, वृत्तांत देतो.

विक्रेता यंत्र घेऊन आला होता, टेबलावर मांडलं, माझा चेहरा नोंदवला. हिरवा दिवा, टिंग. टाळ्या. मग मी प्रतिमाताईंचा पहिला प्रश्न विचारला. तो म्हणाला, "सर, शक्यच नाही." भाची मागच्या रांगेत बसली होती. सुईदोरांचा अनुभव तिला मी वाचून दाखवला होता, तरी तिने आठवडाभर खपून चष्म्याची फ्रेम छापून आणली होती. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे तीन वेळा रंग चुकले म्हणे. पण ती उठायच्या आत आमच्या खजिनदारांनी मोबाईल काढला. गेल्या गणपतीतला माझा मोदक खातानाचा फोटो यंत्रापुढे धरला. तोंड अर्धं भरलेलं, गाल फुगलेला. हिरवा दिवा. टिंग!

भाचीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. फ्रेम पिशवीतच राहिली.

विक्रेता म्हणाला, हे जुनं मॉडेल आहे, नव्यात खोली मोजतात, भाव दुप्पट. त्यावर दुप्पट भावात रात्रपाळीचा वॉचमन किती महिने येईल याचा हिशेब खजिनदारांनी तिथेच मांडला. ठराव पुढच्या सभेवर ढकलला. उरलेला दीड तास गच्चीवरच्या टाकीच्या गळतीवर भांडलो.

डिलाईलरोड, आमच्या वॉचमनकाकांना चपलांचा किस्सा सांगितला. ते म्हणाले, "चपला तर मी बघतोच, तुमच्या तिसऱ्या मजल्यावाल्यांच्या नव्या आहेत आणि भाडं मात्र चार महिने थकलंय म्हणे." आता हे त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे.

फास्टलोकल
हसून हसून पुरेवाट. मोदक खातानाच्या फोटोला दार उघडलं म्हणजे सचिवाचं खरं लक्षण यंत्राने बरोबर पकडलंय.

स्टेथोस्कोप
भाचीला सांगा, फ्रेम टाकू नकोस. तोंडी परीक्षेत घालून बस.

कोकणकन्या
सगळं वाचलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही. कापा की बरका?

लालबागी
बरका निघाला. आठवडाभर ओट्याखाली राहून इतका पिकला की सभेच्या दिवशी सकाळी आपोआप उलला. चिकाने सुरी अजून चिकटतेय. निम्मे गरे वॉचमनकाकांच्या घरी गेले, आठळ्या भाचीने नेल्या.